मेलेल्यांचे डोळे रंगवणारा

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे, माघारी कधीच केलं नाही. आता तो जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ती सवय बदलावी असं मला वाटत नाही. त्याच्या सायकलच्या मडगार्डवर त्याने स्वतःच्या हाताने ‘आर्टिस्ट’ असं रंगवलं होतं, तेही तिरकं. सारं पालघर त्याला त्याच नावाने ओळखायचं. मी त्याला आर्टिस्ट कधी मानला नाही. पण आमच्या घरात आईचा जो फोटो आहे त्याच्याशी या माणसाचा संबंध आहे, आणि तो संबंध मला अजून खुपतो. नाहीतर त्याच्यावर शाई खर्च करायचं काही कारण नव्हतं.

साठ-बासष्टपासून मी पालघरला स्टेशनसमोरच्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचो. तेव्हा आमच्याकडे फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. ती प्लेट उजेडासमोर धरायची आणि टोकदार पेन्सिलीने माणसाच्या चेहऱ्यावरचे डाग बुजवायचे, हे माझं काम. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी बुजवले असतील. मालक म्हणायचे, हात असावा तर असा. मीही ते खरं मानून चालायचो. माझ्या पेन्सिलींची टोकं मी दुसऱ्या कोणाला काढू देत नसे.

माणूस जिवंत असताना त्याचा फोटो काढावा, हे तेव्हा आमच्या गावांमध्ये कोणाला सुचत नसे. म्हातारा गेला की मग धावपळ. कोणीतरी सायकल मारत स्टुडिओत यायचं, मालक कॅमेरा आणि तो उभा करायचं तिकाटणं घेऊन निघायचे, आणि प्रेत उचलायच्या आधी त्याला भिंतीशी टेकवून, टोपी घालून, हार घालून फोटो घ्यायचे. फोटो चांगला यायचा, मेलेला माणूस हलत नाही. पण डोळे मिटलेले. मिटलेल्या डोळ्यांचा बाप भिंतीवर कोण लावणार? म्हणून तो फोटो मोठा करायचा आणि कागदावर रंगाने डोळे उघडून द्यायचे. हे काम आर्टिस्टकडे होतं.

याआधी तो नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा म्हणे. एका संस्थानिकाने आपल्याला दरबारात बोलावून शाल दिली होती, असं तो सांगायचा. संस्थान दर वेळी वेगळं असायचं आणि शाल कधी कोणी पाहिली नव्हती. पडद्यांची सवय त्याच्या हातातून गेली नव्हती. सांगितलेलं असो-नसो, तो मेलेल्याच्या पाठीमागे एक संगमरवरी खांब काढायचा आणि खांबाच्या बाजूला तळं. जन्मभर लंगोटीवर होडी हाकलेला कोळी असा खांबाला टेकून, काळा कोट घालून, पाठीमागे हंस पोहत असलेला भिंतीवर लागायचा. मी एकदा विचारलं, “अहो, यांच्या घरात खांब कुठला?”

“मग कुटं हाय तो म्हातारा आता?” आर्टिस्ट म्हणाला. “घरात हाय का?”

असल्या उत्तरांना लोक माना डोलवायचे. मला राग यायचा तो त्याचाच.

त्याची काम करायची तऱ्हा तर विचारूच नका. स्टुडिओत उत्तरेच्या खिडकीचा सारखा उजेड होता, टेबल होतं, तिथे तो बसत नसे. सुतक फिटलं की तो मेलेल्याच्या घरी जायचा आणि जेवायचा. “जेवल्याबिगर डोळा दिसत नाय,” हे त्याचं वाक्य. मेलेला जिथे बसून जेवायचा त्याच जागी पाट मांडून घ्यायचा, आणि जेवता जेवता चौकशी करायचा. चौकशी तरी कसली? डोळे घारे होते का काळे, हे त्याने एकदाही विचारलेलं मी ऐकलं नाही. भात गरम लागायचा का निवलेला? वाढणारीकडे बघून मागायचा का ताटाकडे बघून? पोरं भांडली तर मान वर करायचा का नाय?

माकुणसारला एका घरी मी त्याच्याबरोबर गेलो होतो, मोठा केलेला फोटो सांभाळून न्यायचा होता म्हणून. घरची थोरली सून वाढत होती. सासरे जेवताना कसे बघायचे, असं याने विचारल्यावर ती आधी रडली. मग म्हणाली, “बगायचे कशाला? कालवनात बोंबील किती हायत ते मोजायचे, दुसऱ्याच्या ताटातले पन.” आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग घरातले सगळेच बोलायला लागले. तेवढ्यात आर्टिस्टने सुक्या बोंबलाचं कालवण तीनदा घेतलं. परत येताना मी म्हटलं, यातून डोळ्यांचं काय कळलं? तर ढेकर देऊन म्हणाला, “तुमी पेन्शिलवाले. तुमाला नाय कळनार.”

आठवड्याने फोटो आला. नेहमीचे वाटोळे डोळे, बुबुळात डाव्या बाजूला नेहमीचा पांढरा ठिपका, नेहमीचा खांब. मला त्याचे सगळे डोळे सारखेच दिसायचे. घरचे लोक मात्र फोटो हातोहात फिरवत राहिले, आणि ती सून आत निघून गेली. दुःखात माणसाला काहीही पटतं, असा निष्कर्ष मी काढला. आर्टिस्टला फुकटचं जेवण हवं असायचं आणि बाकी सगळा देखावा, हे माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

रंगवायचा तो आपल्या स्वयंपाकघरात. चुलीजवळ पाट, पाटावर फोटो, पाण्याची वाटी कोणती आणि चहाची कोणती हे त्याला कधी कळलं नाही. त्याच्याकडून आलेल्या फोटोला मासळीचा वास यायचा. मालक तो दोन दिवस वाऱ्यावर ठेवायचे. त्याच्या घराच्या भिंती मात्र कोऱ्या होत्या. ना देवाचं चित्र, ना कॅलेंडर, ना बापाचा फोटो. विचारलं तर म्हणायचा, “बाप आटवतो मला. भिंतीला कशाला आटवायला लावू?” हा माणूस दुसऱ्यांच्या बापांना भिंतीवर चढवून पोट भरत होता, हे लक्षात घ्या.

त्याच्या बायकोला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका वेगळ्याच कामगिरीवर. ती माहेरी गेली होती, घिवलीला. पंधरा दिवस झाले, आणि आर्टिस्टने ब्रश हातात धरला नाही. स्टुडिओत मिटल्या डोळ्यांचे पाच फोटो पडून राहिले, लोक हेलपाटे घालायला लागले. मालकांनी जाऊन विचारलं तर याने शांतपणे सांगितलं, घरात कोनी बोलत नाय, भांडं पडत नाय, मला सुचत नाय. मग बायकोला आणायला कोण जाणार? मी. पेन्सिली सोडून मी बोईसरला उतरलो, तिथून एसटीने पुढे. तिकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, ट्रकांच्या धुळीने माझा धुतलेला शर्ट घिवलीला पोचेपर्यंत विटकरी झाला. ती बाई किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मी निरोप सांगितला. तिने काम थांबवलं नाही.

“त्याला मी नको हाय,” ती म्हणाली. “आवाज पायजे. चार भांडी घ्या नि तुमीच वाजवा त्याच्यासमोर.”

“वहिनी, लोक खोळंबलेत.”

“मेलेत ते. त्यांना कसली घाई?”

पण आली. सुक्या मासळीची टोपली माझ्या डोक्यावर देऊन आली. त्याच संध्याकाळी आर्टिस्टने तीन फोटो पुरे केले, आणि ती सबंध वेळ त्याला शिव्या घालत होती असं मालक सांगत होते. याला लोक कला म्हणायचे. मी याला आळस म्हणतो, आणि वर बायकोच्या जिवावर.

बोईसरचा प्रसंग तर मी कितीतरी जणांना रंगवून सांगितला आहे. घाटावरचा एक मजूर तापाने गेला. घरचं कोणी इथे नव्हतं. बरोबरच्या माणसांनी फोटो काढून घेतला, गावी आईला पाठवायचा म्हणून. आर्टिस्ट त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला, त्यांच्यात बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. त्यांच्यात एक उत्तरेकडचा होता, तो म्हणाला, “बाबूजी, वो तो खाते-खाते सो जाता था. डबल ड्यूटी करता था ना.” झालं. आर्टिस्टने फोटोत डोळे अर्धेच उघडले. मालक भडकले. अर्ध्या कामाला पूर्ण काम म्हणता येत नाही, असं मीही बोललो, अगदी आर्टिस्टच्या देखत. तो फक्त म्हणाला, “त्यांना दावा आदी.” मजूर आले, फोटो बघितला, एकाने डोक्यावरची टोपी काढली. “हां, यही है,” तो उत्तरेकडचा म्हणाला आणि ते फोटो घेऊन गेले. आई काय म्हणाली ते आम्हाला कधी कळलं नाही. मी हा किस्सा सांगताना शेवटचा भाग बहुतेक वेळा गाळायचो.

आता आईचं सांगतो.

आम्ही दोघं, मी आणि थोरली ताई. आईने केळव्याच्या वाडीत विड्याच्या पानांच्या जुड्या बांधून आम्हाला वाढवलं. ताई पुढे माकुणसारला दिली, मी पालघरला बिऱ्हाड केलं आणि आईला घेऊन आलो. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, सबंध चेहऱ्यावर वण होते. एका बाजाराच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून स्टुडिओत आली आणि बाकावर बसली. काही बोलली नाही, पण कशाला आली ते मला कळलं. त्या दिवशी दोन लग्नांची माणसं आली होती, दोन्हीकडचे वऱ्हाडी उभे. मी म्हटलं, आई, पुढच्या आठवड्यात घेऊ. ती बरं म्हणाली आणि उन्हात घरी गेली. पुढचा आठवडा आला, गेला, असे बरेच आले. ती पुन्हा आली नाही. सहा वर्षं मी फोटोच्या दुकानात काम करत होतो आणि माझ्या आईचा फोटो नव्हता, हे मी अजून कोणाला सरळ सांगू शकत नाही.

ती गेली तेव्हा मालकांनी येऊन फोटो घेतला. भिंतीशी टेकवून, तसाच. प्लेट धुवून झाल्यावर मी ती उजेडासमोर धरली. मिटलेले डोळे होते. मी ठरवलं, आर्टिस्टला हात लावू द्यायचा नाही, आईचे डोळे मी रंगवणार. आधी कोऱ्या कागदावर चेहरा उतरवून बघायला बसलो. अर्ध्या तासाने ब्रश खाली ठेवला. एवढ्या जवळ राहिलेल्या बाईचे डोळे कसे होते ते मला माहीत नव्हतं. भुवया येत होत्या, नाक येत होतं, डोळे येत नव्हते. मालकांनी फोटो आर्टिस्टकडे पाठवला.

तेरावं झाल्यावर तो जेवायला आला. आई बसायची तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याने पाट मागितला. त्याने मला काही विचारलंच नाही. सगळं माझ्या बायकोला विचारलं, आणि ती वाढता वाढता सांगत राहिली.

“डावा डोळा बारीक करायच्या,” ती म्हणाली. “चुलीचा धूर त्या बाजूनं यायचा. मग सवयच झाली, धूर नसला तरी. नि हे जेवायला बसले की यांच्या ताटाकडंच बगत बसायच्या, संपतं का नाय ते.”

“असं काही नव्हतं,” मी म्हटलं.

आर्टिस्टने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आमटी मागून घेतली.

फोटो आला तो मला मुळीच पसंत पडला नाही. डावा डोळा उजव्याहून लहान, आणि दोन्ही डोळे खाली कुठेतरी, समोर बघणाऱ्याकडे नाहीतच. खांब मात्र नव्हता, एवढं बरं. देवीचे वणही त्याने जसेच्या तसे राहू दिले होते. ताई आली, फोटोसमोर बसली, बराच वेळ उठली नाही. शेजारच्या बायका येऊन हुबेहूब म्हणाल्या. जो तो आर्टिस्टचं नाव काढायला लागला. मालक तर माझ्यासमोर गिऱ्हाइकांना सांगायचे, यांच्या आईचे डोळे बघून या. मी रोज कामाला जाताना तो लहान-मोठा जोड बघायचो आणि माझं डोकं फिरायचं. हाताची चूक ती चूक. ती माझ्या आईच्या तोंडावर कायमची का राहावी?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बायको मुलाला घेऊन माहेरी गेली होती. मी फोटो फ्रेममधून काढला. ब्लेडने हलक्या हाताने डोळे खरवडले. आईचे डोळे आठवत नव्हते हे खरं, पण मी तिचा मुलगा. माझ्यात तिचं काहीतरी उतरलं असणारच. दाढीचा आरसा समोर ठेवला आणि माझ्या डोळ्यांवरून माप घेत घेत दोन नीट, सारखे, समोर बघणारे डोळे रंगवले. हातासरशी बारीक ब्रशने वणही बुजवले, एकही राहू दिला नाही. तिची फोटोची हौस मी अपुरी राहू दिली होती, निदान चेहरा तरी सुंदर करावा, असं मला वाटलं. संध्याकाळी फोटो परत भिंतीवर गेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम होतं ते.

बायकोने आल्यावर पाहिला. मग कंदील पुसायला घेतला. पुढच्या महिन्यात ताई आली. दारातच थांबली आणि मला म्हणाली, “ही कोन रे?”

“कोण म्हणजे? आई.”

“नाय,” ताई म्हणाली. “आयचा फोटो कुटं ठेवलास?”

मी स्टुडिओत धावलो, दुसरी प्रत काढायला. मिटल्या डोळ्यांची का होईना. प्लेट नव्हती. दर दिवाळीला जुन्या प्लेटा धुवून काचा फ्रेमवाल्याला द्यायची आमची रीत होती, आणि त्या वर्षीच्या प्लेटा मीच धुतल्या होत्या. चेहऱ्यांकडे न बघता, गरम पाण्यात.

मग उरला तो एकच माणूस. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो सायकलची चेन पुसत होता. आतून बायकोचा आवाज येत होता. त्याने तेलकट हात धोतराला पुसले, फोटो हातभर लांब धरला आणि इतका वेळ बघत राहिला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“डोळे चांगले रंगवलेत,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. “कोनाचे हायत?”

“माझे,” मी म्हटलं. “आरशात बघून.”

“तरीच,” तो म्हणाला. “मानसाकडं बगत नायत. मानसाच्या तोंडावर डाग कुटं हाय ते बगतायत.”

मी त्याला पुन्हा रंगवून द्या म्हटलं. विनवलं. त्याने अंगठ्याने डोळ्यांवरचा कागद चाचपला आणि मान हलवली. कागद पातळ झाला होता, रंग पसरला असता.

“मग तुम्ही रंगवलेले कसे होते, ते तरी सांगा.”

“मी कसं सांगू? मी कंदी तुमच्या आयला बगितलंय?” तो म्हणाला. “बायकोला इचारा तुमच्या. तिनं सांगितलं, मी रंगवलं.”

मी बायकोला विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. तो माणूस खादाड होता, थापाड्या होता, बायकोच्या शिव्यांवर जगत होता, यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण त्याने एकदा माझी आई मला आणून दिली होती, आणि ती मी पुसून टाकली. याचा राग मी जन्मभर त्याच्यावर काढत आलो, कारण दुसरीकडे काढायला जागा नव्हती.

फोटो अजून भिंतीवर आहे. थोरल्या मुलाला आजी आठवत नाही, मागून झालेल्या धाकटीने ती पाहिलीच नाही. दोघं परीक्षेला निघताना फोटोपुढे हात जोडायची, आजी, आम्हाला पास कर म्हणायची, आणि भिंतीवरून मी त्यांच्याकडे बघत असायचो.